डिजिटल मिक्सरवर माइकचा गेन किती ठेवावा? सप्ताहासाठी सल्ला हवा आहे

टाळकरी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचा साउंड गेली नऊ वर्षं मी बघतो. आजवर सोळा चॅनेलचा साधा अॅनालॉग मिक्सर होता. यंदा मंडळाने वापरलेला बेहरिंगर एक्स३२ आणि त्याच्या जोडीला एस१६ स्टेजबॉक्स (स्टेजवर ठेवायची, माइकच्या वायरी जोडायची पेटी) घेतला. परवा देवळात चाचणी घेतली. बुवांचं निरूपण छान आलं, पण गजर सुरू झाला आणि आवाज फाटला. मी फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेतला, तर आवाज लहान झाला, पण फाटका तो फाटकाच. घाबरून गेन (माइकचा सिग्नल आत येतानाच किती मोठा करायचा ते) बराच उतरवला, तर पेटीवाल्यांच्या मॉनिटरमधून (कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) बुवाच गायब.

एक दुकानदार म्हणतो, डिजिटल मिक्सरचे प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) कमजोर असतात, वेगळा घ्या. घ्यावा का? आणि गेनचा नेमका आकडा कोणी सांगेल का? गायनाला शुअर एसएम५८, पखवाजाला दोन डायनॅमिक (वीज न लागणारे) माइक, पेटीला कंडेन्सर (वीज लागणारा) माइक आहे. सप्ताह तीन आठवड्यांवर आलाय.

फेडरवाला

वेगळा प्रीअँप अजिबात घेऊ नका. तुमच्या मिक्सरचा गेन −१२ ते +६० डेसिबल जातो. कीर्तनाला त्याहून जास्त लागत नाही. ते पैसे चांगल्या माइक स्टँडवर आणि केबलवर घाला.

आता आवाज का फाटला ते बघा. मिक्सर डिजिटल असला तरी प्रीअँप अॅनालॉगच असतो. एसएम५८ समोर ९४ डेसिबलचा आवाज झाला तर तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. प्रीअँप तो मोठा करतो (४० डेसिबल म्हणजे शंभरपट) आणि मग त्याचे आकडे बनतात. तुमच्या बाबतीत हे सगळं स्टेजबॉक्समध्येच घडतं. तुम्ही मिक्सरवर नॉब फिरवता तेव्हा नेटवर्क केबलवरून फक्त हुकूम जातो, गेन बदलतो तिकडे स्टेजवर.

आकड्यांची मोजपट्टी शून्याला संपते. त्याच्या वर मोजायला आकडाच नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो. फेडर या सगळ्याच्या नंतर येतो. कापलेला माथा तो लहान करून दाखवेल, परत जोडून देणार नाही. आकडे बनल्यावर आतला हिशेब ४० बिट फ्लोटिंग पॉइंटवर (खूप मोठे आकडेही मावतील अशा पद्धतीने) चालतो, तिथे सहसा काही फाटत नाही. सांभाळायचं ते दारातच.

"मीटर लालच्या जवळ नेऊन ठेवा" हा सल्ला जुन्या काळचा आहे. तेव्हा मिक्सरची सुरसुर झाकायची असे. सुरसुरीपासून फाटण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर १६ बिटमध्ये हिशेबाने ९६ डेसिबल मिळतं, २४ बिटमध्ये १४४. खरे कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे बनवणारे भाग) इतकं देत नाहीत, तरी देवळातले पंखे आणि माणसांची कुजबुज त्यांच्या सुरसुरीपेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे मीटरवर सरासरी −१८ डेसिबलच्या आसपास आणि उसळी −१० पर्यंत ठेवली तर काहीही बिघडत नाही.

गेनचा एकच आकडा मात्र सांगता येणार नाही. माइक वीतभरावरून अर्ध्या वितीवर आला की साधारण ६ डेसिबल वाढतात. बुवांना खरोखर उभं करा, "हॅलो, माइक टेस्टिंग" नको. गजर म्हणायला लावा, तोही चढत्या लयीतला, टाळांसकट. त्या आवाजावर गेन बसवा आणि नंतर त्या नॉबला हात लावू नका. निरूपण हळू वाटलं तर फेडर वर. गजरासाठी ३:१ चा कंप्रेसर (ठरलेल्या पातळीच्या वर ३ डेसिबल वाढले तर १ च पुढे सोडणारा) लावा, थ्रेशोल्ड (ती ठरलेली पातळी) असा की निरूपणात तो जागचा हलू नये.

मॉनिटरवरून

पेटीवाल्यांचं कोडं सोडवतो. मॉनिटरचे सेंड (चॅनेलमधून मॉनिटरकडे जाणारा आवाज) बहुधा प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेले असतात, तुमच्या फेडरशी त्यांचा संबंध नाही. गेनशी मात्र पुरता आहे. कार्यक्रम चालू असताना गेन १० डेसिबल उतरवला की सगळ्यांच्या मॉनिटरमध्ये बुवा १० डेसिबलने खाली जातात, आणि कंप्रेसर, गेट (हळू आवाज बंद करणारा) यांचीही गणितं चुकतात. कलाकाराला फक्त एवढं कळतं की आपल्याला सूर ऐकू येईनासा झाला. गाणाऱ्यावर हा फार मोठा अन्याय आहे. बदलायलाच लागला तर दोन अभंगांच्या मधल्या वेळात बदला आणि मॉनिटर सेंड तेवढाच वर घ्या.

स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून येणाऱ्या शिट्टीचंही सांगतो. गेन ६ ने कमी करून फेडर ६ ने वाढवला तर शिट्टी जिथे यायची तिथेच येणार. त्यावर उपाय माइक जवळ घेणं आणि मॉनिटर माइकच्या पाठीमागे ठेवणं.

टाळकरी

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री भजनाला सगळे जमले तेव्हा तुम्ही सांगितलं तसंच केलं. बुवांचा गेन ३१ वर बसला, गजराची उसळी −९ पर्यंत गेली, कुठेही फाटलं नाही. पेटीवाले काका स्वतःहून म्हणाले, आज बुवा शेजारी बसल्यासारखे ऐकू आले.

पखवाजाला एक चूक झाली होती. गेन लावला तेव्हा डाव्या पुडीला कणीक लावायची होती. कणीक लागल्यावर थाप इतकी भरून आली की मीटर थेट लाल. परत ८ डेसिबल उतरवला. आता प्रीअँप घेत नाही, दोन बुटके स्टँड घेतो.

फेडरवाला

वा, कणकेचं लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे, माझ्याही लक्षात राहील. पखवाजाची उसळी सरासरीपेक्षा फारच वर जाते, तिथे −१२ धरलीत तरी चालेल.

एक राहिलं. आजचा सेटअप सीन (मिक्सरच्या सगळ्या सेटिंगची साठवलेली प्रत) म्हणून सेव्ह करा आणि परवाचा जुना सीन पुसून टाका. सीन लोड केला की त्यातले गेनही परत येतात. सप्ताहात रोज कीर्तनकार बदलणार, तेव्हा सीन सेफमध्ये (सीन लोड करताना जे बदलू नये त्याची यादी) प्रीअँप टाकून ठेवा. म्हणजे सीन बदलला तरी गेन हलणार नाही, आणि नव्या बुवांसाठी तेवढा एकच चॅनेल हाताने बसवता येईल. पेटीच्या कंडेन्सरला मिक्सरकडून मिळणारी ४८ व्होल्टची वीज चालू-बंद करताना चॅनेल म्यूट ठेवा.