कारंजं पाहायचंय (कारंजा लाड नाही!)

वावरवाला_लोणार:
रामराम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आई, बायको आन आठवीतल्या पोराले घेऊन संभाजीनगरले जायचं म्हणतो. सकाळी निघून रात्री वापस, कारण कापूस वेचणीवर आला आहे, मुक्काम जमत नाही. पोराच्या डोक्यात एकच भुंगा: मोटर नसताना जुन्या लोकायनं कारंजं उडवलं कसं? बीबी का मकबरा पाहावा का पाणचक्की? आईचे गुडघे दुखतात, ते धरून सांगा.

कारंजेकर:
धाग्याचं नाव अर्धंच वाचून धावत आलो, वाटलं आमच्या गावाची चौकशी आहे 😀 आता आलोच तर सांगतो. पोरासाठी पाणचक्की. जागा आटोपशीर आहे, आईले चालणं कमी. तिथं एक जुना दांडगा वड आहे, त्याच्या सावलीत आईले बसवा आन तुम्ही हिंडा.

निवृत्त_मास्तर:
पाणचक्कीलाच माझंही मत. पण नुसतं पाहून येऊ नका, पोराला आधी थोडं सांगून न्या. १८ व्या शतकातलं काम आहे, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातलं. पाणी काही किलोमीटरवरच्या डोंगराकडून येतं, जमिनीखालच्या बंद खापरी नळांतून. उगम उंचावर आणि नळ बंद, त्यामुळे मधल्या सखल भागातून येऊनही शेवटी ते भिंतीत वर चढतं आणि तिथून धो धो हौदात पडतं. तुमच्या ठिबकाची टाकी उंचावर का ठेवता, तेच गणित. कारंज्याचंही तेच: मागे उंचावरचं पाणी आणि पुढे तोंड बारीक.

या नहरीच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेवर चुन्या-विटांचे उभे खांबही लागतात, नळात हवा कोंडू नये म्हणून. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची नहर हिच्याही आधीची, १७ व्या शतकातली. शहराची तहान त्यावर भागत होती.

आणि एक गोष्ट चुकवू नका. मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ तेच दालनाचं छत. डोक्यावर पाणी, म्हणून खाली गारवा. माझ्या वर्गातली पोरं तिथून हलायला तयार नव्हती.

मेहकरवाली:
मास्तर, मकबरा सोडा असं नका हो सांगू! रिक्षानं गेलं तर जवळच आहे. बागेचे चार सारखे भाग, मधून दरवाज्यापासून थेट कबरीच्या इमारतीपर्यंत पाण्याचा पाट आणि त्यात कारंज्यांची रांग. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची कबर, मुलगा आझमशाह यानं बांधून घेतली. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, मधे काळा दगड आणि वरून गिलावा. जवळ गेल्यावरच कळतं. पण चालणं लांब, वर पायऱ्या. काकूंना दरवाज्यातूनच दाखवा, तिथूनच तो खरा देखणा दिसतो.

वावरवाला_लोणार:
मास्तर, पोराले वाचून दाखवलं. तो म्हणे, मंग आपल्या लोणारच्या धारेवर, त्या झऱ्यावर, कारंजं काऊन नाही? मी म्हटलं, तुले अभ्यास नाही काय. आईचा प्रश्न वेगळाच: पाणचक्कीत दळण अजून होते का? एक पायली जवारी सोबत घेते म्हणे.

निवृत्त_मास्तर:
पूर्वी तिथं फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. आता चाक फिरतं ते दाखवण्यापुरतं. ज्वारी घरीच ठेवा, भाकरी मात्र बांधून न्या. दिवाळीला जाताय ते बरं, उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक होते.

कारंजेकर:
जालन्याकडून जाताना सिंदखेडराजा वाटेतच आहे. जिजाऊंचा वाडा पाहायले अर्धा तास काढा, पण जातानाच. येताना अंधार होते.

वावरवाला_लोणार:
ठरलं मंग. सिंदखेडराजा, पाणचक्की, आन मकबरा दरवाज्यातून. आई जवारी काही सोडत नाही, पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.