अनुभव धागा : आडवा वारा आणि उतरतानाची फजिती

आखाड लागलाय, सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, वारा सुटलाय, म्हणून हा धागा. वैमानिक, प्रवासी, धावपट्टीच्या शेजारचे शेतकरी, सगळ्यांनी लिहा. आधी माझं.

मी बाळेकुंद्रीचा, पण विमान शिकलो परराज्यात. सेस्ना १५२, दोन सीटचं शिकाऊ विमान, आत मी एकटाच. टॉवरनं वारा डावीकडून सांगितला, धावपट्टीशी ३० अंशांत, झोत २० नॉट (ताशी साधारण ३७ किमी). म्हणजे आडवा जोर १० नॉट. विमानाच्या पुस्तकात १२ पर्यंतची नोंद असते. बसतंय म्हटलं. नाक वाऱ्याकडं तिरकं ठेवून आलो, टेकताना उजव्या रडरनं (शेपटीच्या सुकाणूनं) सरळ केलं, डावा पंख जरा खाली. चाकं अलगद टेकली आणि मी हुश्श केलं. तिथंच घात झाला. स्टिअरिंग डावीकडं धरून ठेवायचं सोडून मधे आणलं. पुढच्या झोतानं डावा पंख उचलला, नाक डावीकडं फिरलं, उजव्या पंखाचं टोक घासलं, गवतात पुढचं चाक मोडलं. इंजिन बंद पडल्यावर कानात राहिली ती फक्त जायरोची (दिशा दाखवणाऱ्या यंत्रातल्या फिरत्या चकतीची) घरघर, हळूहळू विझत जाणारी. पंख्याची पाती केळीच्या पानागत मागं दुमडलेली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं.

होन्निहाळकडचा शेतकरी : ३० मे २०२३ ला आमच्या भागात शिकाऊ विमान शेतात उतरलं होतं, ते वाऱ्यानं नव्हे, बिघाडानं. आत दोघं, किरकोळ मार. मी पोचेपर्यंत बांधावर जत्रा भरलेली. एक म्हातारा विचारूलाला, "ह्याला आता ओढून न्यायला ट्रॅक्टर कुणाचा?"

खानापूरची आजी (नात टाइप करते आहे) : बेंगळूरहून येताना एटीआर, ते पंख्याचं छोटं विमान. खाली शेतं दिसली, पदर सावरला, आणि गाडी परत वर! शेजारचा पोरगा "काय झालं काय झालं" करत रडकुंडीला. मी म्हटलं, अरे, रिक्षावालापण वळण चुकलं की फिरून येतोच की. दुसऱ्या खेपेला उतरलं. एक पाय आधी टेकला, मग दुसरा. हे बरोबर असतंय काय?

निवृत्त, हवाई दल : आजी, एकदम बरोबर. वाऱ्याकडचं चाक आधी टेकवतात. सांबऱ्याची पट्टी ०८/२६, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, त्यामुळं बराचसा समोरूनच मिळतो, आडवा थोडा उरतो. तो थोडाच फसवतो. धागाकर्त्या, आकडा तुझा चुकला नव्हता. वेग कमी झाला की एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेची, स्टिअरिंगनं हलणारी फळी) जोर घटतो, म्हणून स्टिअरिंग वाऱ्याकडं आणखी वळवत न्यायचं, पार विमान थांबेपर्यंत. आणि परत वर जाण्यात कमीपणा नाही, हे आजींना कळलंय, तुला कळायचं होतं.

निपाणीहून : विमान माहीत नाही, पण हायवेवर तंबाखूचा ट्रक शेजारून गेला की माझी बाइक अशीच ओढते बघा.

धागाकर्ता : काका, मान्य. नंतर गुरुजींनी मला दोन दिवस उडूच दिलं नाही. वाऱ्यात नुसतं जमिनीवर चालवायला लावलं, प्रत्येक वळणाला ओरडायचे, "वारा कुठनं?" घरी मात्र अजून टायर पंक्चर झाला एवढंच सांगितलंय. आई हा धागा वाचत नाही, कृपया कुणी पाठवू नका.