विहीणबाईंच्या पणजीची आई कशी शोधायची? मिसूरी, अमेरिका, 1850 च्या आसपास

दांडियाबाजारवाली
नमस्कार मंडळी, मी बडोद्याची. सून अमेरिकन आहे आणि आमच्या विहीणबाई मिसूरीत ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहतात, स्प्रिंगफील्ड गाव आहे ना, तिकडे. मागे इथे आल्या होत्या तेव्हा आमची वंशावळ दाखवली, तर दोन मिनिटांत म्हणाल्या यात बायका कुठेयत? आता काय सांगणार. पण त्यांचं पण तेच रडगाणं निघालं. बापाकडची लाइन 1700 पर्यंत गेलीय आणि आईच्या आईच्या आईची आई, म्हणजे मेरी, तिच्यापाशी सगळं ठप्प. शेतकऱ्याची बायको, माहेरचं आडनाव कुठेच नाही. मी नोकरीभर जमिनीचे जुने दस्त वाचले म्हणून त्यांना वाटतं मला काहीतरी येत असेल, आणि मला तर तिकडचं ओ की ठो माहीत नाही. नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या बाजूने लढायला गेला आणि 1863 मध्ये वारला एवढं पक्कं आहे. मेरी टेनेसीत जन्मली म्हणून त्या सगळं टेनेसी धुंडाळतायत. कोणी केलंय का असं काही?

जुनंदप्तर
काकू, आधी जनगणना नीट समजून घ्या, बाकीचं नंतर. तिकडे 1790 पासून दर दहा वर्षांनी होते पण 1840 पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहायचे, बायकामुलं म्हणजे वयोगटाच्या रकान्यात नुसते आकडे. 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, पण तेही स्वतंत्र माणसांचंच, गुलामांच्या वेगळ्या याद्या असायच्या आणि त्यात नावं जवळजवळ नाहीतच. आणि 1850, 60, 70 मध्ये नातं लिहिलेलं नसतं हां, नवऱ्याखाली बाईचं नाव दिसलं की आपण बायको धरतो एवढंच. नातं आणि आईबापांचं जन्मराज्य 1880 पासून. 1890 ची बहुतेक सगळी 1921 च्या आगीत गेली. 1900 मध्ये मात्र जन्माचा महिना-साल आणि प्रत्येक आईला मुलं किती झाली, हयात किती, हे विचारलंय. मेरी तेव्हा हयात असेल तर ते पान सोन्याचं. फॅमिलीसर्च म्हणून वंशावळीची साइट आहे, तिच्यावर फुकट बघता येतं.

ग्वाल्हेरचा_नाना
आणि ऑनलाइन तयार वंशवृक्षांवर भरवसा ठेवू नका. एकाने चुकीचं टाकलं की बाकीचे डोळे मिटून उतरवतात. मी एक झाड बघितलंय त्यात बाप मुलीपेक्षा नऊ वर्षांनी मोठा.

दांडियाबाजारवाली
@जुनंदप्तर, विहीणबाईंना मेसेज केला, त्यांनी सगळी पानं पाठवली, मी इथे उतरवते. 1850: नवरा, मेरी वय 24 जन्म टेनेसी, मुलं 4, 2 आणि तान्हं. 1860: मेरी वय 29 जन्म केंटकी, मुलं 14, 12, 10, 5, 3 आणि 1, यातली पाचाची ती पणजी. 1880: विधवा, जन्म केंटकी, बाप व्हर्जिनिया, आई केंटकी. इथे त्यांच्या झाडात शेरा आहे की कारकुनाने चुकीचं लिहिलं. 1900: मुलाच्या घरी, जन्म मार्च 1831, मुलं झाली 5, हयात 4. नवरा गेला त्याआधी अजून दोन मुलं झाली होती, 61 आणि 63 ची.

जुनंदप्तर
काकू थांबा थांबा. दहा वर्षांत बाईचं वय पाचच वर्षांनी वाढलं? आणि मुलं मोजा. 1860 च्या पानावर सहा अधिक नंतरची दोन, झाली आठ. पण 1900 मध्ये ती स्वतः सांगतेय पाच. 10 आणि 5 च्या मध्ये खड्डा पण आहे. पहिली तीन तिची नाहीतच! दोन मेरी आहेत. पहिली टेनेसीची, ती 1850 नंतर कधीतरी गेली, मग त्याने दुसरी केली ती केंटकीची, नाव योगायोगाने तेच. त्या काळात निम्म्या बायका मेरी, सारा नाहीतर एलिझाबेथ. बडोदेकरांना हे वेगळं काय सांगायचं, सयाजीराव महाराजांच्या दोन्ही राण्या चिमणाबाईच, पहिल्या तंजावरच्या आणि त्या गेल्यावर 1885 मध्ये आलेल्या देवासच्या. साल न बघता कागद वाचला की एकीचं दुसरीच्या नावावर.

पणजी 1855 ची, म्हणजे ती केंटकीवालीची. टेनेसी सोडा.

दांडियाबाजारवाली
अगंबाई! म्हणजे कारकून बिचारा बरोबरच होता. विहीणबाईंना आत्ताच कळवलं, तिकडे पहाट आहे तरी उत्तर आलं. त्या म्हणतायत इतकी वर्षं मी दुसऱ्याच बाईचं माहेर शोधत होते. बरं मग आता हिचं माहेर कसं काढायचं?

सराफ्याजवळ
इंदूरहून. माझा भाऊ कॅन्सस सिटीला असतो, त्याला हा नाद आहे, त्याच्याकडून ऐकून ऐकून मला पण लागला. मुख्य गोष्ट अशी की बाईचा स्वतःचा कागद शोधत बसलात तर काही मिळत नाही, ती सापडते बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या कागदात. लग्न 1851 ते 54 मध्ये झालं असणार, काउंटीच्या लग्नाच्या रजिस्टरमध्ये नवऱ्याचं नाव घेऊन बघा, मुलीचं आडनाव तिथेच मिळून जाईल. आईबापांची नावं त्यात सहसा नसतात. ग्रीन काउंटी 1833 ची आणि तिच्यातून पुढे आजूबाजूच्या काउंट्या निघाल्या, तर शेजारच्या रजिस्टरात पण डोकवा, लग्न माहेरच्या गावी लागतं.

नाही मिळालं तर मिसूरीत 1910 पासूनचे मृत्यूचे दाखले, पन्नास वर्षांहून जुने, राज्याच्या अर्काइव्हजने नेटवर फुकट टाकलेत. त्यात मयताच्या आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. 1900 मध्ये हयात असलेल्या चारही मुलांचे बघा, एकाचा बघून थांबू नका, कारण सांगणारा कधी जावई असतो आणि त्याला आजेसासूचं आडनाव कुठून माहीत असायला.

मग जमीन. बाप वारला की वाटणीच्या किंवा विक्रीच्या खतावर सगळ्या मुली नवऱ्यांच्या नावासकट येतात. आणि नवऱ्याने जमीन विकली तर बायकोचा त्यात विधवाहक्क असायचा, साधारण एकतृतीयांश, तो सोडल्याचं तिला बाजूला घेऊन विचारायचे, नवऱ्याच्या धाकाने तर सही करत नाहीयेस ना. फॅमिलीसर्चवर आता हाताने लिहिलेल्या खतांमध्ये पण शब्द टाकून शोधता येतं, आधी फिल्म पान पान सरकवावी लागायची, डोळे जायचे.

दांडियाबाजारवाली
हे तर आपलं हक्कसोडपत्रच की! आमच्या पोळीतलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, घर विकलं तेव्हा पाच आत्यांच्या सह्या लागल्या आणि त्यातल्या दोघी आहेत हे आम्हाला तेव्हाच कळलं. हे मला जमेल, इंग्रजी दस्त वाचायची सवय आहे.

मैत्रेयी_फतेहगंज
डीएनए टेस्ट का नाही करत? विहीणबाई सरळ आईच्या-आईच्या लाइनमध्ये आहेत, मायटोकॉन्ड्रियल चालेल.

जुनंदप्तर
चालेल पण त्यातून आडनाव नाही निघत. आईकडून येणारा तो डीएनए पिढ्यानपिढ्या फार हळू बदलतो, त्यामुळे जुळलं तरी समान आजी चारशे वर्षांपूर्वीची पण असू शकते. आधी कागदाने एक घर धरा, मग त्या घरातल्या बहिणीची मुलीकडून आलेली वंशज शोधून ताडून बघायला ती टेस्ट कामाची.

आणि काकू, एक सोप्पी गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. ही मेरी 1831 ची, म्हणजे 1850 मध्ये एकोणीसची आणि बिनलग्नाची. 1850 ला घरातल्या सगळ्यांची नावं आहेत! ती बापाच्या घरात नावासकट सापडायला पाहिजे. पहिल्या मेरीचं तसं नाही, तिचं लग्न 1850 च्या आधीच झालेलं, माहेरच्या घरात ती नुसता आकडा. तर 1850 च्या ग्रीन काउंटीत केंटकीत जन्मलेली 19 ची मेरी, बाप व्हर्जिनियाचा, असं शोधा. नवऱ्याच्या शेजारपाजारची घरं पहिल्यांदा बघा, शेतकऱ्यांची लग्नं घोड्यावरून जाता येईल इतक्या अंतरातच जमायची. नसेल तिथे तर मग ते लोक 1850 नंतर आले, तेव्हा केंटकी.

दांडियाबाजारवाली
आज रात्री दोघी व्हिडिओवर बसून बघतो. पण मला त्या पहिलीचंच वाईट वाटतंय हो, तीन लेकरं ठेवून गेली आणि आता वंशवृक्षातूनही काढली जाणार. तिचं काहीच नाही मिळणार का?

सराफ्याजवळ
मिळेल की, विधवा पेन्शनची फाइल मागवायला सांगा. 1862 च्या कायद्याने युद्धात गेलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना 8 डॉलर आणि 1866 पासून सोळाच्या आतल्या प्रत्येक मुलामागे 2 डॉलर जास्त. त्यासाठी लग्न सिद्ध करावं लागे, मुलांच्या जन्मतारखा द्याव्या लागत, शेजारी, सुईणी येऊन शपथेवर सांगायच्या, कोणी घरच्या बायबलचं जन्ममृत्यू लिहिलेलं पानच फाडून जोडायचे. नवऱ्याचं आधीचं लग्न असेल तर पहिली बायको कधी गेली हे पण बहुतेक वेळा त्या जबान्यांमध्ये येतं. क्रमांक इंडेक्समध्ये फुकट मिळतो, पूर्ण फाइलची कॉपी वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजकडून पैसे भरून. 63 मध्ये पहिलीची निदान दोन मुलं सोळाच्या आत होती, म्हणजे दुसरीने अर्ज केला असेल तर तीही त्याच फाइलमध्ये असणार.

दांडियाबाजारवाली
पैसे मी भरते म्हटलं तर विहीणबाई भांडतायत. क्रमांक सापडला की इथेच टाकते.