शेजारच्या काँग्रिगेशनल चर्चच्या शिधावाटपात आम्ही सहभागी व्हावे का?

हार्टफर्डजवळची:

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळच्या एका लहान गावात राहतो. गावाच्या मध्यभागी, हिरवळीच्या कडेला, पांढऱ्या मनोऱ्याचे एक जुने काँग्रिगेशनल चर्च आहे. ते युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या पंथाचे आहे. दारावर समलिंगी व्यक्तींचे स्वागत सांगणारा इंद्रधनुषी झेंडा आहे, निर्वासितांचे स्वागत असल्याची पाटी आहे आणि दर शनिवारी सकाळी तळघरातल्या सभागृहात गरजूंना शिधा वाटला जातो. माझी पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या सेवातासांसाठी तिथे जाऊ लागली. तास केव्हाच पूर्ण झाले, पण तिचे जाणे थांबले नाही. गेल्या महिन्यात मीही तिच्याबरोबर गेले, पिशव्या भरल्या, लोकांशी बोलले आणि निघताना तिथल्या एका बाईंनी रविवारच्या उपासनेला येण्याचे मोकळ्या मनाने आमंत्रण दिले.

सध्या सासूबाई सोलापूरहून आमच्याकडे आल्या आहेत. त्यांना हे पसंत नाही. आज शिधा आणि उद्या बाप्तिस्मा, अशी भीती त्या बोलून दाखवतात आणि त्यांचे म्हणणे मला सरळ झटकून टाकता येत नाही. म्हणून विचारते. आपला धर्म न सोडता अशा कामात किती सहभागी व्हावे? सामाजिक न्यायाचे हे बोलणे या चर्चमध्ये मुळापासून आहे, की अलीकडची टूम आहे? आणि पाळक जे सांगतात ते तिथे सर्वांना मान्य करावे लागते का? ज्यांना जवळून अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नगरचा, आता न्यू हेवन:

ताई, मी अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आणि गेली एकोणीस वर्षे याच पंथातल्या एका मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, सभासद आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे.

काँग्रिगेशनल परंपरेत बिशप नसतो. इमारत, पैसा आणि पाळकाची नेमणूक हे सारे स्थानिक मंडळीच्या हातात असते. मंडळीने नेमलेली समिती उमेदवारांशी महिनोन्महिने बोलते आणि शेवटी सभासद मतदान करून पाळकाला बोलावतात. तो पाळक स्त्री असणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. अँटोनेट ब्राउन यांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ साली दीक्षा दिली होती. वार्षिक सभेत अंदाजपत्रकाची ओळ न् ओळ वाचली जाते. छपराच्या दुरुस्तीला किती आणि शिधावाटपाला किती, यावर एकदा आमच्याकडे तीन तास चर्चा झाली आणि गळके छप्पर आणखी एक हिवाळा तसेच ठेवायचे ठरले. त्या हिवाळ्यात आम्ही बादल्या ठेवून उपासना केली आणि शिधा एकही शनिवार चुकला नाही.

पंथाची राष्ट्रीय सभा, म्हणजे जनरल सिनॉड, ठराव करते, परंतु ते स्थानिक मंडळीवर बंधनकारक नसतात. समलिंगी व्यक्तींना खुलेपणाने सामावून घ्यावे असे आवाहन सिनॉडने १९८५ साली मंडळ्यांना केले, पण त्यामुळे कोणाच्या दारावर झेंडा आपोआप लागला नाही. प्रत्येक मंडळीला स्वतः अभ्यास करून, एकमेकांचे ऐकून, मत देऊन ठरवावे लागते आणि आजवर १,५०० हून अधिक मंडळ्यांनी तसे ठरवले आहे. आमच्याकडे ही चर्चा दोन वर्षे चालली. एका वयोवृद्ध सभासदांनी ठरावाच्या विरोधात मत दिले, तेव्हा ते आता मंडळी सोडणार असे आम्हाला वाटले. पुढच्या शनिवारी ते नेहमीप्रमाणे शिध्याची गाडी घेऊन हजर झाले, आणि त्या वर्षी नव्याने आलेल्या दोन पुरुषांच्या जोडप्याला पेट्या कशा रचायच्या ते त्यांनीच शिकवले. मतभेद मिटला नव्हता, आजही मिटलेला नाही, पण शिध्याच्या टेबलापाशी ते तिघे शेजारी उभे असतात.

आता टुमेविषयी. तुम्ही हार्टफर्डजवळ राहता, तेव्हा एकदा फार्मिंग्टनला अवश्य जाऊन या. १८३९ साली ‘आमिस्टाड’ या जहाजावर गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतल्या मेंडे लोकांनी उठाव करून जहाज ताब्यात घेतले, पण अखेर ते न्यू हेवनच्या तुरुंगात येऊन पडले. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी, ज्यांत काँग्रिगेशनल मंडळ्यांतले लोक पुढे होते, समिती स्थापून त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. मार्च १८४१ मध्ये ते मुक्त झाले, तेव्हा परतीच्या प्रवासाचा पैसा जमेपर्यंत फार्मिंग्टनच्या चर्चमधल्या लोकांनी त्यांना गावात ठेवून घेतले. नोव्हेंबरमध्ये उरलेले ३५ जण आफ्रिकेला निघाले. त्याच चळवळीतून १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन उभी राहिली आणि यादवी युद्धानंतर तिने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फिस्कसारखी महाविद्यालये काढली. पुढे १९८२ साली उत्तर कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा या पंथाचे लोक अटक झालेल्यांत होते. त्यांच्या वांशिक न्याय आयोगाने १९८७ साली देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. घातक कचऱ्याचे व्यापारी प्रकल्प कुठे उभारले जातात, हे इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा वस्तीच्या वंशावरून अधिक ठरते, असे तिने आकडेवारीने दाखवले. पर्यावरणीय न्याय हा विषय आज विद्यापीठांत शिकवला जातो, त्यामागे या पाहणीचा मोठा हात आहे.

सासूबाईंची शंका मला मुळीच गैर वाटत नाही. माझे घराणेच मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या इतिहासातून आले आहे. तेव्हा एक साधी कसोटी सांगतो. शिधा घेणाऱ्याला आधी प्रार्थनेला बसवतात का, किंवा त्याचा धर्म विचारतात का, ते पाहा. सरकारी धान्य घेणाऱ्या शिधाकेंद्राला अशी अट कायद्यानेच घालता येत नाही, परंतु कायद्याच्या पलीकडे मंडळीची वृत्ती कशी आहे हे तुम्हाला दोन-तीन शनिवारांत स्वतःच कळेल. पाळकांनाही थेट विचारा. त्यांना त्याचे वाईट वाटणार नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी, सांगली:

नगरच्या दादांनी संकोचाने अर्धवट ठेवलेला धागा मी पुढे नेते, कारण या चर्चचा आणि आपला संबंध त्या गावच्या हिरवळीपेक्षा जुना आहे. काँग्रिगेशनल लोकांनी १८१० साली स्थापलेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. याच बोर्डाने १८२७ साली सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेला मुंबईला पाठवले. पुढे त्या नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेमागे ती भेट होती. सासूबाईंना हे जरूर सांगावे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगावी, म्हणजे आपण एकच बाजू पुढे करतो असे त्यांना वाटणार नाही. त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० साली हवाईला गेले आणि १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांचे राज्य उलथवणाऱ्यांत त्या मिशनऱ्यांचे वंशज होते. शंभर वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये, युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने होनोलुलूत हवाईच्या मूळ रहिवाशांची जाहीर क्षमा मागितली. आपल्याच पूर्वजांच्या कामाची अशी झडती घेणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

शिकागोतील पुणेकर:

मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही, तरी सहा वर्षे इथल्या एका मंडळीबरोबर काम करतो. एकच उदाहरण देतो. अमेरिकेत दवाखान्याची थकलेली बिले वसुली कंपन्यांना कवडीमोलाने विकली जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१९ साली शिकागो भागातल्या या पंथाच्या मंडळ्यांनी सुमारे ३८,००० डॉलर गोळा केले. आरआयपी मेडिकल डेट या संस्थेमार्फत त्यांनी तब्बल ५३ लाख डॉलरची थकबाकी विकत घेतली आणि माफ करून टाकली. ज्यांची कर्जे फिटली त्यांना घरी केवळ एक पत्र आले. चर्चला या, असे त्यात कोणी सांगितले नव्हते.

मात्र मनुष्यबळाची अडचण मोठी आहे. १९५७ साली काँग्रिगेशनल आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन हा पंथ बनला तेव्हा सुमारे २० लाख सभासद होते, आज ते आठ लाखांहूनही कमी आहेत. उरलेल्यांत वृद्ध पुष्कळ आहेत. तुमच्या मुलीसारखी धडधाकट मुलगी पेट्या उचलायला आली, तर तिला कोणी धर्म विचारत बसणार नाही.

हार्टफर्डजवळची:

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना घेऊन शनिवारी गेले. त्यांनी दोन तास सारे निरखून पाहिले आणि मग, माझ्यामार्फत, पाळकबाईंना थेट विचारले की आमच्या नातीला तुम्ही ख्रिस्ती करणार आहात का. पाळकबाईंनी हातातली पेटी खाली ठेवली, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या की नाही, आणि तिच्या मनात तसे कधी आले तरी मी आधी तिला तुमच्याशी बोलायला सांगेन. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. परतताना मात्र त्यांनी विचारले की रांगेत दोन नेपाळी कुटुंबे होती, त्यांना डबाबंद घेवडाच का देतात. पुढच्या शनिवारी आम्ही मसूर आणि तूरडाळ घेऊन जाणार आहोत. सासूबाईंनी दोन-दोन पौंडांच्या पिशव्या आतापासूनच बांधायला घेतल्या आहेत.