पहिला क्वाडकॉप्टर (चार पंख्यांचा ड्रोन) कोणता? द्राक्षबागेवर तापमान-आर्द्रतेचे सेन्सर न्यायचे आहेत, बजेट ३५ हजार

निफाडकर_मळा:
नमस्कार मंडळी. ड्रोन आजवर उडवलेला नाही, पण सोल्डरिंग येतं आणि आर्डुइनोवर थोडंफार काम केलंय. हेतू दोन. एक, निव्वळ हौस. दुसरा, डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पहाटे बागेवरच्या हवेचं तापमान आणि आर्द्रता जमिनीपासून ५० मीटरपर्यंत मोजायची. पुढेमागे धूळ मोजणारा पीएमएस५००३ सुद्धा लावायचाय. कॅमेरा नसला तरी चालेल. तयार ड्रोन घेऊन त्याला सेन्सर बांधू, की सुटे भाग आणून जोडू? चार्जर-रिमोटसकट बजेट ३५ हजार.

चारपंखी:
तयार घेऊ नका. हवाई फोटोंचे २४९ ग्रॅमवाले छोटे ड्रोन स्वतःचं वजन उचलण्यापुरतेच बेतलेले असतात. त्यांना ६०-७० ग्रॅम बांधले की मोटरी तापतात आणि वारा आला की सावरायला ताकद उरत नाही. पोटाखाली काही लावलं तर खालचे सेन्सर झाकले जातात, मग उतरताना तो बावचळतो. शिवाय तुमच्या सर्किटला वीज किंवा डेटा द्यायला त्यावर जागाच नसते. परदेशी तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, सुट्या भागांची नाही. म्हणजे पुढे दुरुस्तीच्या दृष्टीनेही जोडणीच बरी.

तुमच्या कामाला ४५० आकाराची फ्रेम. म्हणजे कर्णावर समोरासमोरच्या दोन मोटरींमध्ये ४५० मिमी अंतर. ही एफ४५० फ्रेम जुनी झाली म्हणून लोक नाकं मुरडतात, पण हात तुटला की एकच हात बदलता येतो आणि पसारा मांडायला जागा भरपूर. त्यावर २२१२ आकाराच्या ९२० ते १००० केव्हीच्या (एका व्होल्टमागे मिनिटाला तितके फेरे) मोटरी, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं), १०४५ म्हणजे १० इंची पंखे आणि ३एस, म्हणजे तीन सेलची, ५००० एमएएच लिपो बॅटरी.

वजनाचा हिशेब आधी कागदावर करा. फ्रेम २८० ग्रॅम, चार मोटरी २१०, ईएससी १००, पंखे ४५, बॅटरी ३८०, फ्लाइट कंट्रोलर आणि जीपीएस ८०, रिसीव्हर आणि पॉवर मॉड्यूल ३०, वायरी ६०, उंच पाय ८०. झाले १२६५. सेन्सरचा डबा ८०, नट-बोल्ट-पट्टे धरून १४०० म्हणा. या मोटरी ३एसवर प्रत्येकी साधारण ८०० ग्रॅम ओढतात, म्हणजे ३२०० ग्रॅम. ओढ वजनाच्या दुपटीहून जास्त हवी, इथे २.३ पट येते. अधांतरी राहायला एका वॉटला ७ ग्रॅम धरले तर २०० वॉट, ११.१ व्होल्टवर १८ अँपिअर. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ४ अँपिअर-तास. भागाकार १३ मिनिटांचा, प्रत्यक्षात ११ धरा. ५० मीटर वर जाऊन खाली यायला ५-६ मिनिटं लागतील, तेव्हा एका बॅटरीत एक फेरी निर्धास्त होते.

डोकं, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, म्हणून आर्डुपायलट हे उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवणारा बोर्ड घ्या, शक्यतो एच७४३ चिपचा. शर्यतीच्या क्वाडचे बीटाफ्लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे बोर्ड झकास असतात, पण तुम्हाला जागा धरून सरळ वर जाणं हवंय, कोलांट्या नकोत. २.४.८ नावाने मिळणारी जुनी पिक्सहॉक बोर्डाची नक्कल घेणार असाल तर जपून. त्यातल्या काहींच्या चिपमध्ये फक्त १ एमबी मेमरी वापरता येते आणि आर्डुपायलटच्या बऱ्याच सोयी त्यात मावत नाहीत. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, ईएलआरएस रेडिओ पद्धतीचा. टेलिमेट्री रेडिओ (उड्डाणाची माहिती जमिनीवर पाठवणारा) घेतलात तर ९१५ मेगाहर्ट्झचा नको, आपल्याकडे तो पट्टा मोबाइलला जाऊन भिडतो. मोकळा पट्टा ८६५-८६८चा.

३५ हजारांत बसतं, पण जेमतेम. काटकसर फ्रेम आणि मोटरींत करा. बॅटरी, चार्जर आणि बोर्डात नको.

सोल्डरगन_७:
भाग बरोबर आहेत, क्रम मात्र माझ्या मते चुकतोय. ज्याने कधी उडवलं नाही त्याने १० इंची पंख्यांवर शिकू नये, बोटं जातात. आधी रिमोट घ्या, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा आणि सिम्युलेटरवर १०-१५ तास घालवा. नाक स्वतःकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, ते हाताला तिथेच बसतं. मग त्याच रिमोटवर चालणारा ६५ किंवा ७५ मिमीचा व्हूप (पंख्यांभोवती कडी असलेला चिमुकला क्वाड), ओसरीत. पैसे पुरत नसतील तर व्हूप सोडा, सिम्युलेटर सोडू नका.

आता जोडणीत हमखास होणाऱ्या चुका.

मोटर फ्रेमवर बसवतानाचा एम३ स्क्रू. फ्रेमच्या हाताच्या जाडीपेक्षा तो जास्त लांब असला तर मोटरीच्या आत तांब्याच्या गुंडाळीला टेकतो. बाहेरून काही दिसत नाही, मोटर फिरतेही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणात ईएससीतून धूर. स्क्रू बसवल्यावर मोटरीच्या तळाच्या फटीतून टॉर्चच्या उजेडात बघा, टोक आणि तांबं यांच्यात फट दिसलीच पाहिजे. मग मल्टिमीटर लावून मोटरीची वायर आणि स्क्रू यांच्यात जोड नाही ना ते तपासा. स्क्रूला निळं लॉकटाइट लावा. लाल नको, पुन्हा निघत नाही.

मोटरींचे क्रमांक. आर्डुपायलटच्या एक्स रचनेत १ पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, ३ पुढे डावीकडे, ४ मागे उजवीकडे. १ आणि २ घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४ घड्याळाप्रमाणे. मिशन प्लॅनर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममधल्या मोटर टेस्टचे ए-बी-सी-डी मात्र पुढच्या उजव्यापासून घड्याळाच्या दिशेने जातात, म्हणजे १-४-२-३. इथेच घोळ होतो. पंखे काढून टेस्ट करा. पहिल्याच उड्डाणात क्वाड जागेवर पालथा पडला तर कारण बहुधा या तिघांपैकी: क्रमांक चुकला, पंखा उलटा बसला, किंवा बोर्डावरचा बाण पुढे नाही.

होकायंत्र. बहुधा जीपीएसच्या डबीतच ते असतं. बॅटरीच्या जाड वायरींपासून किमान १० सेंमी उंच दांडीवर बसवा. वायरीतला प्रवाह वाढला की दिशा चुकते आणि क्वाड एका जागी थांबण्याऐवजी मोठमोठी वर्तुळं काढायला लागतो. तुमच्या बागेत तर मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा आहेत. तिथे कॅलिब्रेशन करू नका, उड्डाणही ओळींमधून नको. गाडीवाटेवर किंवा खळ्यावर प्लायवुडचा तुकडा टाका आणि तिथून उडवा. पक्ष्यांसाठी जाळी पसरली असेल तर तिच्यापासून लांब. जाळीत १०४५ पंखा अडकला की मोटर तर थांबतेच, ईएससीही जळू शकतो.

पहिल्या उड्डाणानंतर बोर्डावरचा लॉग (उड्डाणाची नोंद) उतरवून दोन गोष्टी बघा. थरथर, म्हणजे व्हाइबचे आकडे, ३० च्या खाली हवेत. ६० वर गेले तर पंखे बॅलन्स केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, एमओटी_टीएचएसटी_होव्हर, म्हणजे अधांतरी राहायला लागणारा जोर (१ म्हणजे पूर्ण). सेन्सरसकट तो ०.५ च्या आसपास किंवा खाली हवा. ०.६ च्या पुढे गेला तर वजन जास्त झालंय, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

नियमात_राहा:
नियमांचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. तुमचा १४०० ग्रॅमचा म्हणजे मायक्रो. व्यावसायिक काम नसेल तर मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. शेजाऱ्याच्या बागेवर पैसे घेऊन मोजणी करायला गेलात की लागेल. हौस किंवा अभ्यासासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (बनावटीची सरकारी मंजुरी) नको, पण नोंदणी करून यूआयएन (ड्रोनचा ओळख क्रमांक) घ्या, शुल्क १०० रुपये.

उंची: हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. तुमच्या जिल्ह्यात ओझरचा विमानतळ आहे, देवळालीला लष्कर आहे. तेव्हा मळ्याचा गट सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर टाकून रंग बघा, अंदाजाने ठरवू नका. पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेश वेगळे निघतात, सणासुदीला आणि निवडणुकीत जास्त. तेही बघत चला.

निफाडकर_मळा:
सगळ्यांचे आभार. स्क्रूची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. आता सेन्सरचं सांगा. खाली दोरीने लोंबता सोडला तर पंख्यांच्या वाऱ्यापासून लांब राहील, असं वाटतंय. एसएचटी३१ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) आणि ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घरात आहे.

थर्मिस्टर:
दोरी नको. पंख्यांचा वारा खालीच जातो, त्यामुळे दोरीवरचा सेन्सर वरून ढकललेली हवा मोजत बसेल. शिवाय दोरी झोके घेते आणि त्या झोक्यांशी कंट्रोलर झगडत राहतो.

तुमच्या मोजणीतली खरी मेख वेगळी आहे. थंडीच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता सोडून गार होते. तिला लागलेली हवा सर्वांत थंड आणि वर जावं तशी उबदार. हाच थर तुम्हाला मोजायचाय. नि क्वाड काय करतो? वरची ऊबदार हवा खाली ढकलतो. कडाक्यापासून बागा वाचवायला परदेशात हेलिकॉप्टर घिरट्या घालतात ते याचसाठी. तुमचं यंत्रच तुमचा आकडा बिघडवणार, हे धरूनच बेत आखा.

म्हणून सेन्सर वर. मधोमध ४ मिमीची कार्बन कांडी, पंख्यांच्या पातळीपासून ३० सेंमी उंच. तिथे हवा वरून ओढली जाते, म्हणजे सेन्सरला ताजी आणि सतत वाहती हवा मिळते. जीपीएसची दांडी बाजूला सरकवा. आणि आकडे फक्त चढतानाचे घ्या. उतरताना क्वाड स्वतःच ढवळलेल्या हवेतून येतो, तो डेटा सरळ टाकून द्या. उतरण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवा, नाहीतर आपल्याच वाऱ्यात सापडून तो डुगडुगतो.

एसएचटी३१ला आर्द्रतेतला बदल पकडायला सुमारे ८ सेकंद लागतात. सेकंदाला १ मीटरने चढलात तर प्रत्येक आकडा ८ मीटर खालचा. अर्धा मीटर वेग ठेवला तरी ४ मीटरची गल्लत. आर्द्रतेला ते चालवून घ्या, तापमानाला मात्र मण्याएवढा काचेचा थर्मिस्टर वेगळा लावा, वाहत्या हवेत तो दीड-दोन सेकंदांत पोचतो. वेग अर्धा मीटर, ५० मीटरला १०० सेकंद. ऊन पडायच्या आत काम उरकतं. तरी थर्मिस्टरभोवती दोन्ही तोंडं उघडी असलेली पांढरी नळी घाला.

उंचीसाठी सुरुवातीला फ्लाइट कंट्रोलरला जोडूच नका. त्याच डब्यात बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर ठेवा. तुमच्याकडे दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की साधारण ९ मीटर वर गेलात असं समजा. उंचीतल्या फरकात एक-दीड मीटरची चूक राहते, ती चालते. डब्यात फोमचा तुकडा घाला, थेट वारा लागला की दाब खोटा येतो.

वीज वेगळ्या १एस सेलवरून द्या, पण बोर्ड निवडताना बघा. साध्या ईएसपी३२ बोर्डवरचा एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर सुमारे १ व्होल्ट खातो. ३.७ मधून उरतात २.७, आणि मेमरी कार्डवर लिहिताना बोर्ड रीसेट होत राहतो. लिपोचा सॉकेट असलेला बोर्ड घ्या. वायफाय आणि ब्लूटूथ कोडमधूनच बंद करा, रिसीव्हरही २.४ वरच आहे. आणि प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे आकडे लगेच कार्डवर उतरवा, नाहीतर आपटल्यावर नेमकं शेवटचं मिनिट गायब.

पीएमएस५००३ पहाटे नको. धुईत आणि ८०-९० टक्के आर्द्रतेत तो पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. तो दुपारी, एकेका उंचीवर अर्धा-एक मिनिट थांबून. गॅस मोजणाऱ्या एमक्यू मालिकेच्या सेन्सरांच्या वाटेला जाऊ नका. हीटर एकटा दीडशे मिलिअँपिअर खातो आणि पहिल्यांदा २४ तास तापवावा लागतो.

चारपंखी:
पहाटेचं म्हणताय म्हणून भर. ५-७ अंशांत लिपोचा अंतर्गत रोध वाढतो, थ्रॉटल दिला की व्होल्टेज धपकन खाली. बॅटरी घरातून कपड्यात गुंडाळून आणा, लावल्यावर एक मिनिट जमिनीलगत होव्हर करा, मगच चढा. बॅट_लो_व्होल्ट (बॅटरी उतरल्याची मर्यादा) १०.५, कृती आरटीएल, म्हणजे आपोआप सुरुवातीच्या जागी परतणं. आरटीएलची मुळातली उंची १५ मीटर असते. बांधावर नारळ किंवा सिल्व्हर ओक असतील तर ती ३० करा. फेन्स, म्हणजे उंचीची कमाल मर्यादा, ६० मीटरवर. पंखे आणि कांडी दव पुसून घ्या. उड्डाण नसेल त्या दिवसांत सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि फुगलेली बॅटरी अजून चालतेय म्हणून पुन्हा लावू नका.

निफाडकर_मळा:
रिमोट मागवतोय. बोर्ड एच७४३च. बांधावर सिल्व्हर ओकच आहेत, दोन ओळी.

सोल्डरगन_७:
मग ३० पण कमी पडेल. आधी ओक मोजा. हातभर काठी उभी करून तिची सावली मोजा आणि त्याच वेळी झाडाची. सर्वांत उंच झाडावर १० मीटर चढवून आरटीएल लावा.