युद्धाचा पैसा बंद करा म्हणून खासदाराच्या दारात जाऊन काही होतं का?

मांजराकाठ (लातूर)
भाचा पंधरा वर्षांपासून अमेरिकेत, आता तिथलाच नागरिक. २०२४ च्या मार्च-एप्रिलात तो आणि त्याच्या गल्लीतले सातआठ जण दर शुक्रवारी त्यांच्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात जायचे. मागणी एकच: गाझात युद्ध चालू असताना इस्रायलला शस्त्रांसाठी जास्तीचा पैसा देणाऱ्या विधेयकाला नाही म्हणा. ऑफिसातली पोरगी सगळं लिहून घ्यायची, पाणी द्यायची, साहेबांना कळवते म्हणायची. २० एप्रिलला मतदान झालं, ३६६ विरुद्ध ५८. भाच्याचा माणूस ३६६ मध्ये.

मी फोनवर म्हणालो, कशाला घासतोस चपला? तर मलाच विचारतो, "मामा, तुम्ही रेल्वेसाठी किती वर्षं निवेदनं दिली?" गप्प बसलो.

आता माझं मत बदललंय. जायलाच पाहिजे. अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय की सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांपलीकडचा मंजूर करता येत नाही. तिथल्या कनिष्ठ सभागृहातला प्रतिनिधीही दर दोन वर्षांनी मतं मागायला येतो. म्हणजे तिजोरीची दोरी मतदाराच्या हाताजवळच बांधलेली आहे. तुम्हाला काय वाटतं?

रिटायर हवालदार (नांदेड)
मी १९८७ ला श्रीलंकेत, जाफन्यात होतो. आपल्या शांतिसेनेची जवळपास १२०० पोरं तिथं मारली गेली. आपण इथं का आलो हे आमच्या कंपनीत कोणालाच धड सांगता येत नव्हतं. त्यामुळं युद्धाचं कौतुक मला सांगू नका.

पण "पैसा बंद करा" म्हणणाऱ्याला वाटतं, तिजोरीला कुलूप लागलं की बंदुका खाली. तसं होत नसतंय ओ. आधी वायरलेसची बॅटरी येत नाही. मग बूट. मग जखमीला न्यायचं हेलिकॉप्टर. पोरगं तिथंच असतं, हुकूमही तोच असतो. परत बोलवा म्हणा, मी पण सही करतो. पैसा तोडा म्हणू नका.

घटनेचा तास (छत्रपती संभाजीनगर)
हवालदारसाहेब, भीती खरी आहे, पण कायदा तसा आंधळेपणानं करत नाहीत. व्हिएतनामचं बघा. १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी संसदेनं तारीखच घालून दिली: १५ ऑगस्टनंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात लढाईसाठी एक डॉलरही खर्च करायचा नाही. आवरायला वेळ दिला, मग कुलूप. आणि हे एका दमात झालेलं नाही. १९७० मध्ये सैन्य परत आणण्यासाठी खर्चाला मुदत घालणारा प्रस्ताव सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ३९ नं पडला होता. मधली तीन वर्षं लोक पत्रं लिहीत होते, ऑफिसं गाठत होते.

खवचट (परभणी)
सर, तास अर्ध्यातच सोडला तुम्ही. लढणारं सैन्य मार्च १९७३ लाच घरी परतलं होतं. पंगत उठल्यावर चूल विझवली, त्यात कसलं आलंय शौर्य?

आणि पुढचं? ३० एप्रिल १९७५ ला अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं. ज्यांना भरवशावर ठेवलं होतं ते होड्यांत बसून समुद्रात निघाले. त्यातले किती बुडाले याचा हिशेब कुठल्या मतदारसंघाच्या ऑफिसात लिहून घेतला?

घटनेचा तास
चूल विझली नव्हती. सैन्य परतलं तरी कंबोडियावर विमानांतून बॉम्ब पडतच होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ते थांबवायचं नव्हतं. १५ ऑगस्टला थांबले, ते तिजोरी बंद झाली म्हणून.

काळी माती (जिंतूर)
तुमचं अमेरिकेचं चालू द्या. २०२२ ला युक्रेनमध्ये लढाई लागली आणि ऐन पेरणीत इथं डीएपी खतासाठी रांगा. १२०० चं पोतं १३५० ला, वर सरकारनं पोत्यामागं अडीच हजार अनुदान भरलं. तरी दुकानदार म्हणायचा, नॅनो युरियाची बाटली घेतली तरच पोतं. लढाई कुठली, बाटली कोणाच्या गळ्यात!

मग जाऊ का मी खासदाराकडं? मांजराकाठ भाऊ, इथं दोरी हातात नाही. आपल्या लोकसभेत खर्चाच्या मागणीवर कपात सूचना मांडता येते, पण व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा हुकूम, निघाला की झालं. व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदीनं खासदारकीच जायची पाळी. तो बिचारा चहा पाजील, फोटो काढील.

तुळजापूरकर (धाराशिव)
मला हा सगळा विषयच पोट भरलेल्यांचा वाटतो. माझे आजोबा १९४८ ला सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. घरदार रझाकारांच्या तावडीत. १३ सप्टेंबरला भारताची फौज आली, १७ ला निजाम शरण. त्या वेळी दिल्लीत कोणी शहाण्यानं "या कारवाईचा खर्च बंद करा" असं निवेदन दिलं असतं, तर आपण आज कोणत्या तोंडानं १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं असतं? काही वेळा फौज लागते. फौजेला पैसा लागतो.

गोदाकाठची (नांदेड)
दादा, फौज आली ते बरंच झालं असं माझी आज्जीही म्हणायची. पण तिनं नवरा त्याच महिन्यात गमावला, निजाम शरण गेल्यावर. आम्ही मुसलमान. पुढं नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेड दोन्ही धरले, मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला.

तेव्हा खर्च बंद करा असं कोणी म्हणायला नको होतं, हे तुमचं मला मान्य. पण फौज जिंकल्यावर मागं काय झालं, हे विचारायला एखाद्या खासदाराच्या दारात शुक्रवारी आठ माणसं बसायला हवी होती की नाही?

तुळजापूरकर
ताई, हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. आजोबांनी १७ तारखेपर्यंतचंच सांगितलं. मुद्दा मी मागं घेत नाही, पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

खवचट
धागा गाझाहून नांदेडला आला. संयोजक झोपलेत काय?

मांजराकाठ
झोपलो नाही, भाच्याशी बोलायलोय. हवालदारसाहेब, तुमचं "पैसा तोडा म्हणू नका, परत बोलवा म्हणा" त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणतो, "मामा, तिथं लढायला आमचे जवान नाहीतच, आमची शस्त्रं जायलीत. २०१६ च्या करारानं दहा वर्षांचे ३८ अब्ज डॉलर ठरलेत, हा जास्तीचा पैसा वेगळाच. परत कोणाला बोलवू?"

रिटायर हवालदार
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं होतं की ओ. मग ते शिपायाचं काम नाही, दुकानाचं आहे. दुकानाचं बिल थांबवायला माझी ना नाही. पण जिथं आपला शिपाई उभा आहे तिथं माझं म्हणणं तेच राहील, सर कितीही तारखा सांगोत.

आणि भाच्याला सांगा, ऑफिसातल्या त्या पोरीवर चिडू नकोस. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मी पेन्शनच्या अर्जासाठी चौदा वेळा गेलो, पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही.