साहेबांना दिवाळीचं काय द्यावं: वर्गणीचा डबा की घरचा फराळ?

भाजणी:
जूनमध्ये लोअर परळच्या एका ऑफिसात लागले. साहेब गुजराती, जैन, स्वभावाने बरे. टीमतर्फे त्यांना मशीद बंदरहून सुक्या मेव्याचा मोठा डबा आणायचं ठरतंय, माणशी ५०० रुपये. मी म्हटलं, त्यापेक्षा मी आईच्या हातच्या चकल्या आणि अनारसे नेते. भाजणीत कांदा-लसूण नसतोच. तर सगळे म्हणाले, कंजूष दिसशील. खरंच दिसेन का?

चर्चगेट_फास्ट:
कंजूष नाही, पण घरचं नेऊ नकोस. एक तर बोरिवलीहून सकाळच्या गर्दीत नेलीस तर अंधेरीपर्यंत चकलीची शेव होते, हा स्वानुभव. दुसरं, घरचं दिलं की समोरच्याला तिथल्या तिथे एक तुकडा तोंडात टाकून "वा" म्हणावं लागतं. साहेबाला का अडकवायचं? विकतच्या डब्यावर निदान तारीख असते. ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवरही कधीपर्यंत खावी ते लिहावं लागतं. तू आईच्या डब्यावर काय लिहिणार?

भाजणी:
"माझ्या भावाच्या हाती लागेपर्यंत." आणि अनारसे काय सोपे असतात? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग जरा सुकवून कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरत ठेवायचं. एवढं करून पीठ सैल पडलं तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. तेव्हा आमची आई अजिबात हसत नाही. यातलं काही मशीद बंदरला मिळतं का?

मुलुंडकर:
चर्चगेट_फास्टशी सहमत. ऑफिस म्हणजे माहेर नव्हे.

घाटकोपरची_काकू:
अगं, पण त्या जैन साहेबांना विचारलंय का कुणी? माझ्या शेजारच्या श्वेतांबर घरात चातुर्मासात काजू-बदाम बंद म्हणजे बंद. त्यांचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो, दिवाळी त्याच्या आत येते. शिवाय दिवाळी म्हणजे त्यांचा महावीर निर्वाणाचा दिवस, काही जण उपास धरतात. सगळे पाळत नाहीत, पण पाळणारा निघाला तर तुमचा डबा पंधरा दिवस कपाटात. मी एका वर्षी त्यांना हौसेने आलेपाक दिला होता. आलं कंदमुळात येतं हे वडी हातात ठेवल्यावर आठवलं. शेजारणीने हसून घेतली आणि आमच्याच कामवाल्या बाईला दिली.

भाजणी:
बाप रे, म्हणजे डबाही बाद? मग तर चकल्याच!

निवृत्त_बाबू:
दोन्ही बाद. माझी ३१ वर्षं फोर्टातल्या केंद्र सरकारी कार्यालयात गेली. आम्हाला १९६४ चे वर्तणूक नियम होते. अधूनमधून कुणाकडचं जेवण चालतं, भेटवस्तू म्हटली की हिशेब लागतो. तुम्ही खासगीवाले, तुम्हाला तो नियम नाही, पण त्यामागचं कारण तुम्हालाही लागू आहे. ज्याच्या हातात तुमची बढती, त्याला द्यायचं कशाला? दिवाळीत देणं वरून खाली येतं. १९६५ च्या बोनस कायद्यातले किमान ८.३३ टक्केसुद्धा मालकाने कामगाराला द्यायचे होते, कामगाराने मालकाला नव्हे.

चर्चगेट_फास्ट:
काका, चार चकल्यांनी बढती मिळत असती तर मुंबईत एकही शेफ बेकार राहिला नसता. सणाला माणूस माणसाला गोडधोड देतो, प्रत्येक वेळी मस्का कसा?

निवृत्त_बाबू:
एकाने दिलं तर गोडधोड. बाराजणांनी यादी करून दिलं की न देणारा उघडा पडतो. आमचे एक साहेब पेढे आले की पुडा टेबलावर उघडायचे, अख्ख्या सेक्शनला वाटायला लावायचे आणि शेवटचा स्वतः घ्यायचे. घरी एकही नेला नाही.

घाटकोपरची_काकू:
हे बरं आहे. भाजणी, चकल्या साहेबांच्या केबिनमध्ये नेऊच नकोस. पॅन्ट्रीत ठेव, चहाच्या वेळी सगळे खातील, त्यांना हवी तर तेही घेतील. फक्त ओल्या नारळाच्या करंज्या नको, दोन दिवसांत खवट होतात.

भाजणी:
चकल्यांचं ठरलं, पॅन्ट्रीतच ठेवणार. आज तिथे डबा ठेवायला जागा बघायला गेले तर वर्गणीची यादी तिथल्याच भिंतीवर लावलेली. माझ्या नावापुढचे ५०० मी खोडले. सगळ्यात खाली चहा करणाऱ्या मामांचं नाव आहे, त्यांच्यापुढेही ५००. ते कंत्राटी आहेत. मामा म्हणाले, "ताई, माझं राहू दे, दिसायला बरं दिसत नाही."

निवृत्त_बाबू:
यादीतलं अक्षर कुणाचं आहे?

भाजणी:
टाइप केलेली आहे.